बिडी सोडायला गावात काहीतरी द्या : आरोग्य खात्याला खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि आमच्या भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या सगळ्या पीएचसीचे (प्राथमिक आरोग्य केंद्रांचे) मेडिकल ऑफिसर, उपकेंद्रातले सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) साहेब आणि मॅडम यांना

नमस्कार.

साहेब, विषय सरळच सांगतो. बिडीनं ज्याची फुप्फुसं खराब झाली, डॉक्टरनं ज्याच्या कागदावर सीओपीडी लिहून दिलं, त्या माणसाला बिडी सोडायसाठी आमच्या गावात आज काहीच मिळत नाही. बिडी मिळते, सुपारी-तंबाखूचा खर्रा मिळतो, आणि आता नागपूर-पुण्याला कामाला गेलेली पोट्टी दिवाळीला येताना वेप घेऊन येतात, ती बॅटरीवाली वाफेची सिगारेट, तीपण मिळते, बंदी असून मिळते. जे औषध मिळायला पाहिजे तेवढं सोडून सगळं मिळते. वेपवर बंदी आणली त्याला माझी हरकत नाही. पण मग बिडीच्या जागी या माणसानं काय घ्यायचं ते सरकारनंच गावात आणून द्यावं, एवढं एकच मागणं घेऊन हे पत्र लिहितो आहे.

मी धानाची शेती करतो आणि गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. म्हाताऱ्या लोकांचे पेन्शनचे, आयुष्मान कार्डचे कागद माझ्याच हातून जातात, त्यामुळे कोणाच्या घरी कोण रात्रभर खोकतो हे मला बऱ्यापैकी माहीत असतं. सीओपीडी हे नाव इकडे कोणी घेत नाही, "बुढ्याले दमा हाय" एवढं म्हटलं की झालं. दमा आणि सीओपीडी एक नाही हे मलाही बाबांच्या आजारपणातच समजलं. दम्यात नळ्या आवळतात आणि औषधानं बऱ्याच मोकळ्या होतात, सीओपीडीत गेलेलं फुप्फुस परत येत नाही. बिडी बंद केली तर पुढची घसरण मंदावते, बस. पण ते बस म्हणजे लहान गोष्ट नाही साहेब, माणूस स्वतःच्या पायानं धानाच्या बांधीपर्यंत जातो का खाटेवर बसून राहतो एवढा फरक त्यात आहे.

आणि आमच्याकडे बिडी म्हणजे नुसतं व्यसनही नाही. एप्रिल-मेमध्ये अख्खं गाव पहाटे तेंदूपत्त्याला जंगलात जातं, दुपारी सावलीत बसून पुडके बांधतात, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पत्ता खरेदीच्या जागी, नेऊन देतात, शाळेच्या वह्या-पुस्तकाचा खर्च त्यातून निघतो. कितीतरी बाया मांडीवर सूप घेऊन बिड्या वळतात. अशा गावात बिडी वाईट असं कोणी चारचौघात बोलत नाही. उलट बिडी शुद्ध असते, पानाची असते, सिगारेट कागदाची असते असं सांगतात. खरी गोष्ट उलटी आहे. तेंदूच्या पानातून हवा कमी जाते, म्हणून बिडी विझू नये यासाठी ती घडीघडी आणि जोरानं ओढावी लागते, दिसायला एवढीशी पण निकोटीन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड साध्या सिगारेटपेक्षा जास्त देते. हे गावात सांगायला कोणी आलेलं मी पाहिलं नाही. (चुलीच्या धुरानंही हाच रोग होतो आणि कधी बिडीला हात न लावलेल्या बायांना होतो, ते वेगळं पत्र लिहावं लागेल एवढं मोठं आहे.)

माझे बाबा मिसरूड फुटल्यापासून बिडी ओढतात. सोडायचा प्रयत्न त्यांनी मनापासून केला आहे, हे मी घरात पाहिलं आहे. पण सकाळी उठल्यावर बिडी नाही तर पोट साफ होत नाही, मग दिवसभर चिडचिड, आईवर ओरडणं, आणि संध्याकाळपर्यंत बिडीचा कट्टा परत खिशात. "मले नाई सुटत बापू, मी का मुद्दाम ओढतो का?" असं ते म्हणतात तेव्हा मला त्यांचा राग येत नाही. पोटाचं ते खोटं सांगत नाहीत, निकोटीननं आतडी हलतात आणि बिडी बंद केली की काही दिवस बद्धकोष्ठ होतं. आणखी एक होतं, बिडी सोडल्यावर सुरुवातीला खोकला आणि बेडके वाढल्यासारखे वाटतात, कारण छातीतली साफसफाई परत सुरू होते. आता हे कोणी आधी सांगितलेलं नसलं की माणूस काय समजणार? "पाहा, बिडी सोडली तं खोकला वाढला, बिडीच बरी होती" असंच समजणार ना. गावात असं म्हणून परत धरलेले किती तरी बुढे आहेत.

तर अशातच माझ्या भाच्यानं पुण्याहून ती वेप आणली. त्याचा हेतू चांगला होता, आबाजीचा दम त्याला पाहवत नव्हता. पेनड्राइव्हपेक्षा थोडी मोठी, निळ्या रंगाची, आंब्याचा वास, डब्बीवर अर्धं चिनी अर्धं इंग्रजी लिहिलेलं आणि एका कोपऱ्यात ५ टक्के निकोटीन. बाबांनी ओट्यावर बसून ओढून पाहिली आणि खूश झाले, धूर नाही, घशाला आग नाही, आईची कटकट नाही. त्यांचं म्हणणं होतं की दवाखान्यातही आपल्याला वाफच देतात, मग ही बी वाफच आहे. यावर घरात कोणालाच उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्याकडे येणारे पेशंट हेच मनात धरून येणार आहेत.

नेब्युलायझरमध्ये मिठाच्या पाण्यात सालब्युटामॉलसारखं नळ्या मोकळ्या करणारं औषध असतं. वेपमध्ये प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाची केमिकलं आणि निकोटीन असतं, बॅटरीनं तार तापते आणि त्याची वाफ होते. काही जळत नाही, म्हणून बिडीतलं टार आणि कार्बन मोनॉक्साइड त्यात जवळजवळ नसतं, ही गोष्ट खरी आहे आणि ती लपवायचं कारण नाही. ब्रिटनमध्ये तिथली सरकारी आरोग्यसेवा सांगते की ओढणाऱ्यानं सिगारेट पूर्ण सोडून वेप धरली तर नुकसान कमी होतं, धोका शून्य होत नाही. २०२३ मध्ये तर तिथल्या सरकारनं १० लाख सिगारेट ओढणाऱ्यांना वेपची किट आणि सोबत समुपदेशन द्यायची योजना जाहीर केली. पण तिथे दर मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅमच्या वर निकोटीन घालता येत नाही, म्हणजे २ टक्के, आणि बाजारात येणाऱ्या मालाची नोंद सरकारकडे करावी लागते. बाबांच्या हातातली होती ५ टक्क्यांची, आणि त्यात खरंच काय भरलं होतं हे सांगणारा या देशात कोणी नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये वेप ओढणाऱ्यांच्या फुप्फुसाला अचानक सूज येण्याची साथच आली होती, फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०० च्या वर लोक दवाखान्यात भरती झाले आणि ६८ मेले. त्यातला बराचसा माल चोरबाजारातला, गांजाच्या अर्काचा, व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट मिसळलेला होता. आपल्याकडे तर बंदीमुळे सगळाच माल चोरबाजारातला आहे. ज्याची फुप्फुसं धडधाकट आहेत त्याचं एक, ज्याला दोन पायऱ्या चढून थांबावं लागतं त्याच्या छातीत हे असलं काहीतरी सोडायचं म्हणजे हिंमतच आहे.

आणि घरोघर होतं काय ते ऐका. बिडी सुटत नाही. सकाळची बिडी कायम, जेवणानंतरची कायम, मधल्या वेळेत वेप. बाबांचं तेच झालं. म्हणजे धूर आहे तो आहेच, वरून निकोटीन आधीपेक्षा जास्त, कारण वेप विझत नाही, संपल्यासारखी वाटत नाही, माणूस हातात धरून बसला की ओढतच राहतो. छातीत धडधड व्हायला लागली, भूक गेली. आणि घरचे सगळे खूश, की बुढ्यानं बिडी कमी केली.

धानाची मळणी चालू होती तेव्हा एका रात्री त्यांना बोलता येईना एवढा दम भरला. गाडी करून दवाखान्यात नेलं, नाव घेत नाही, कुठल्याही दवाखान्यात हेच झालं असतं. ऑक्सिजन लावता लावता डॉक्टरनं विचारलं, "बाबाजी, बिडी ओढता का?" बाबांनी मान हलवली, नाही. तेवढ्यात त्यांनी बंडीच्या खिशातून ती निळी वस्तू काढून आईच्या हातात दिली आणि आईनं ती पदरात गुंडाळली. कारण भाच्यानं सांगून ठेवलं होतं, हे पोलिसांना दिसलं तर केस होते. डॉक्टरनं वेपबद्दल विचारलं नाही आणि बाबांनी सांगितलं नाही. तो दम वेपमुळेच उठला असं मी म्हणणार नाही, मळणीची धूळ होती, थंडी होती, बिडी होतीच. पण उपचार करणाऱ्या माणसाला अर्धी गोष्ट माहीतच नव्हती, आणि ती कायद्याच्या भीतीनं माहीत नव्हती.

२०१९ चा कायदा मी वाचला आहे. ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळ्याला बंदी, विकणाऱ्याला पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शाळकरी पोरांना त्याची लत लागू नये म्हणून आणला, आणि ते कारण मला पटतं, आमच्या तालुक्याच्या कॉलेजात पोरांच्या दप्तरात हे सापडायला लागलं आहे. वेप खुली करा असं मी म्हणत नाही. पण पासष्टीचा सीओपीडीचा पेशंट आणि दप्तरात फ्लेवर घेऊन फिरणारा पोट्टा या दोघांना तुम्ही एकाच कायद्यानं एकच उत्तर देता, आणि पोराला निदान उत्तर तरी मिळतं, बुढ्याला तेही नाही. त्याच्यासाठी कायद्याच्या पुढे काय? गावातलं प्रत्यक्ष उत्तर सांगतो, खर्रा.

हो, आमच्याकडे बिडी "सुटते" ती अशीच. डॉक्टर म्हणतात धूर बंद करा, माणूस पानठेल्यावर जातो आणि सुपारी, तंबाखू, चुना घोटलेली पन्नी घेऊन येतो. छातीला धूर लागत नाही म्हणून डॉक्टर खूश, पेशंट खूश. मग दोन-चार वर्षांनी तोंड उघडत नाही, गालात गाठ येते. महाराष्ट्रात मोठ्या माणसांत ओढणारे ३.८ टक्के आणि बिनधुराची तंबाखू खाणारे २४.४ टक्के, हे तुमच्याच २०१६-१७ च्या सर्व्हेत लिहिलं आहे. बिडी सोडवताना माणूस खर्ऱ्याकडे जाणार नाही हे पाहायचं काम कोणाचं? विदर्भात तरी हा प्रश्न पहिल्या दिवशीच विचारायला पाहिजे, "बिडी सोडून काय धरणार?"

आता जे मिळायला पाहिजे त्याचं सांगतो. निकोटीनची च्युइंगम, चघळायची गोळी, कातडीवर लावायचा पॅच, आणि ब्युप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिन या गोळ्या. यात नवं काही नाही. निकोटीनची औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक यादीत २००९ पासून आहेत, आणि आपल्या देशाच्या २०२२ च्या आवश्यक औषधांच्या यादीतही आली. यादीत आली, गावात आली नाही. तालुक्याच्या मेडिकलमध्ये दोन मिलिग्रॅमची च्युइंगम कधी असते कधी नसते, पॅच विचारला तर दुकानदार सांधेदुखीची पट्टी काढून दाखवतो. आणि बाबांच्या तर दाढाच राहिल्या नाहीत, ते च्युइंगम चावणार कशानं? त्यांना पॅचच पाहिजे किंवा चघळायची गोळी. ज्यांना दात आहेत तेही ती खर्ऱ्यासारखी कचाकचा चावतात आणि रस गिळतात, मग मळमळ, उचकी, घशात जळजळ, आणि "हे आपल्याले जमत नाई" म्हणून फेकून देतात. ती हळू चावायची, चव आली की गालात दाबून ठेवायची, चव गेली की परत चावायची, अर्धा तास चालवायची, आणि चहा पिऊन लगेच तोंडात टाकायची नाही. एवढं पाच मिनिटात सांगून होतं. फक्त सांगणारा पाहिजे. उठल्या उठल्या बिडी लागणाऱ्याला दोन मिलिग्रॅम पुरत नाही, चारची लागते, आणि ती आपल्याकडे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. म्हणजे ज्याला जास्त गरज त्याला ते अजूनच लांब.

पैशाचंही बोलतो. दिवसाला आठ-दहा च्युइंगम विकत घ्यायच्या म्हटलं तर मजुरी करणाऱ्याला परवडत नाही, बिडीचा कट्टा त्याच्या कितीतरी खाली पडतो. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी कौन्सिलनं बिडीवरचा कर २८ वरून १८ टक्के करायचं ठरवलं, तेंदूपत्त्याचा १८ वरून ५. पत्ता तोडणाऱ्या आणि बिडी वळणाऱ्या हातांना त्यातून काही मिळत असेल तर मी त्याच्या आड येणार नाही, माझी आईपण पत्त्याला जात होती. पण मग त्याच सरकारनं त्याच बिडीनं आजारी पडलेल्या माणसाला पॅच फुकट द्यायला काय अडचण आहे, हे मला कोणीतरी समजावून सांगा.

सगळी यंत्रणा गावात आहे साहेब, फक्त ती अर्ध्यात थांबते. आमच्या आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा तो सीबॅक फॉर्म, आजाराचा धोका तपासायचा, भरतात. त्यात तंबाखू विचारतात, चुलीवर स्वयंपाक करता का विचारतात, दम लागतो का विचारतात. बाबांचाही भरला आहे, सगळं खरं लिहिलं आहे. पुढे काय? फॉर्म मोबाईलवर चढला आणि विषय तिथेच संपला, कारण आशाताईच्या पिशवीत देण्यासारखं काहीच नाही. त्यांचा दोष नाही, त्या बिचाऱ्या उन्हातान्हात फिरतात. तंबाखूच्या पाकिटावर २०१८ पासून १८००-११-२३५६ हा फुकटचा सल्ल्याचा नंबर छापायचा नियम आहे, चांगलं काम आहे. पण सुटी बिडी घेणाऱ्याला पाकीट दिसतच नाही. सुटी विकायला राज्यात २०२० पासून बंदी आहे, तरी कुठल्याही ठेल्यावर जाऊन पाहा.

होऊ शकत नाही असंही नाही. शेजारच्या गडचिरोलीत २०१६ मध्ये सरकार, सर्च संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून मुक्तिपथ सुरू केलं, दारू आणि तंबाखू दोन्ही सोडवण्यासाठी, गावोगाव संघटना आणि तालुक्याला क्लिनिक. जंगलातल्या, रस्ता नसलेल्या गावांपर्यंत ते पोहोचतात, तर भंडारा-गोंदियात काहून नाही?

म्हणून हे करा. पीएचसीत आणि जमलं तर उपकेंद्रात पॅच आणि गोळ्या ठेवा, बीपी-शुगरच्या गोळ्या ठेवता तशाच, आणि त्या संपू देऊ नका, कारण मधे आठ दिवस खंड पडला की माणूस परत ठेल्यावर जातो. दम लागणाऱ्याच्या ओढायच्या पंपात टाकतात त्या कॅप्सूलचंही तेच, हिवाळ्यात नेमक्या संपतात. फुंकून पाहायची मशीन, स्पायरोमेट्री, निदान ग्रामीण रुग्णालयात तरी चालू ठेवा आणि ती चालवणारा माणूस शिकवा, म्हणजे दमा कोणता आणि सीओपीडी कोणता ते आकड्यावर समजेल आणि तीस-पस्तिशीच्या बिडीवाल्याला फुप्फुस किती गेलं ते डोळ्यानं दिसेल. बिडी सोडणाऱ्याला सोबत इसबगोल लिहून द्या, हसू नका, त्यावर कितीतरी जण टिकतील. आणि डॉक्टर लोकांना माझी हात जोडून विनंती आहे, बिडी ओढता का एवढ्यावर थांबू नका. खर्रा खाता का, वेप ओढता का हेही विचारा, आणि विचारायच्या आधी सांगा की हे पोलिसाला जात नाही, कागदावर तुझ्या औषधासाठी लिहितो आहे. सून, मुलगा बाजूला उभे असले तर त्यांना बाहेर पाठवून विचारा, म्हातारी माणसं पोरांसमोर खरं सांगत नाहीत.

बाहेर राहणाऱ्या पोरांनाही यातच सांगतो. आबाजीसाठी वेप आणू नका. त्या पैशात नागपूरच्या औषधाच्या दुकानातून डॉक्टरला विचारून पॅच आणा, आणि ते लावायला चार दिवस घरी थांबा, कारण ते पहिले दिवसच सगळ्यात जड असतात.

येत्या २ ऑक्टोबरला आमची ग्रामसभा आहे. त्या दिवशी पीएचसीतून एक माणूस पाठवा, पॅच, गोळ्या आणि फुंकायचं साधं मीटर देऊन. समाजमंदिरात टेबल-खुर्ची मी लावून देतो, फॉर्म मी फुकट भरून देतो, आणि गावातले बिडी ओढणारे आणि दमवाले सगळे बोलावून आणायची जबाबदारी माझी. बाबांचं नाव यादीत पहिलं लिहून ठेवलं आहे, त्यांना विचारूनच.

आपला,
भंडारा-गोंदियाच्या सीमेवरचा एक शेतकरी